भैरूच्या आधीची पानं

जोत्या, दवाखान्यात तुझ्या डोक्यावरची पट्टी सोडली तेव्हा मी खिडकीकडे तोंड केलं होतं. सहा पुस्तकांत मिळून मी चाळीसेक माणसं मारली असतील. डोकी फोडली, मनगटं तोडली, एका सावकाराला त्याच्याच उसाच्या चरकात घातला, आणि हे सगळं बशीतला चहा फुंकत लिहिलं. खरं फुटलेलं डोकं हातभर अंतरावर आलं, तेव्हा मला बघवलं नाही. तू मात्र माझ्याकडे बघत होतास. एक डोळा सुजून मिटलेला, दुसरा उघडा. म्हणालास, "मास्तर, बघून घ्या. पुढल्या येळंला बराबर लिवता येईल."

तू थट्टा केलीस, आणि मी पुन्हा खिडकीकडे वळलो.

तुझं नाव मी इथे खरं लिहिलेलं नाही. जोती म्हणून हाक मारतोय, ते निभावून घे. गावाचं नावही लिहिणार नाही. शिराळ्याच्या अंगाला, डोंगराच्या पोटात, एवढंच. तू फौजदाराला जो जबाब दिलास तो माझ्या हातून मोडायचा नाही. पण तू गेल्यापासून मी घरात कोणाशी धड बोललेलो नाही. निदान तुझ्याशी तरी बोलतो. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय, आणि अर्ध्यावर राहिलेलं भांडण एकट्याला मिटवता येत नाही, हे मला आता कळतंय.

सांगलीत एस्टी स्टँडच्या मागे तुझी पाट्या रंगवायची खोली होती. आमच्या शाळेची पाटी तू रंगवलीस, आणि 'विद्यालय'च्या 'द्य'वरून मी तुझ्याशी तासभर हुज्जत घातली, ती आपली ओळख. परत जाताना मी तुझ्या भिंतीवरचं एक चित्र बघितलं. दोन बैलांची झुंज. एकाचं शिंग दुसऱ्याच्या पोटात गेलेलं, आणि ज्याचं शिंग आत गेलंय त्याचेच डोळे भ्यालेले. मारणारा भ्यालाय असं चित्र मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुला छापखान्यात घेऊन गेलो. मालक तेव्हा पंचांगं आणि लग्नपत्रिका छापून कंटाळले होते. त्यांना चित्रांची गोष्ट काढायची होती, बत्तीस पानांची, पोरांनी दप्तरात लपवून न्यावी अशी.

तिथे भैरू जन्मला. कंपनी सरकारच्या काळातला, सह्याद्रीच्या रानातला, कुऱ्हाड घेऊन एकटा फिरणारा दरोडेखोर. गरिबाला हात न लावणारा वगैरे. कथा माझी, चित्रं तुझी. पहिल्या पुस्तकाची पहिली चौकट तुला आठवतेच. भैरू पाठमोरा, नदीत उकिडवा बसलाय, कुऱ्हाड धुतोय, आणि पाणी लाल होत खाली चाललंय. रक्त कुणाचं ते मी लिहिलं नाही. पुढच्या पाच पुस्तकांतही लिहिलं नाही. मला त्याचा फार अभिमान होता. दुष्काळाच्या त्या साली पोरं खडी फोडायला आईबापांबरोबर जायची आणि दुपारच्या सुट्टीत भैरू वाचायची. फलटणहून एका मुलीचं पत्र आलं होतं: रक्त त्याच्या बायकोला मारणाऱ्याचं असणार. कऱ्हाडच्या एकाने लिहिलं, नाही, ते वाघाचं. मी ती पत्रं तुला वाचून दाखवायचो. तू ब्रश धूत राहायचास. हसायचास, पण कुठलं बरोबर ते कधी म्हणाला नाहीस.

आणि आपण महाबळेश्वरला गेलो होतो, आठवतं? सहाव्या पुस्तकात भैरूला मारायचं ठरलं होतं. घाटात, पावसात, गोऱ्या शिपायांच्या गोळ्यांनी. तू म्हणालास, तिथला पाऊस बघितल्याशिवाय मी काढणार न्हाई. श्रावणातले दिवस. गाडीतून उतरलो ते थेट ढगातच. समोरचा माणूस दिसेना. एका टपरीत शिरलो, तर टपरीवाला भज्यांसाठी कांदा चिरत होता. तू ते बघितलंस आणि तसाच बाहेर पडलास, पावसात. मी मागे धावलो. तू कड्याच्या कठड्याला धरून ओकत होतास. पोटात काही नव्हतंच, नुसतं पाणी येत होतं.

"काय झालं रे?"

"आज पंचिम हाय, मास्तर. नागपंचिम. आज चिरत न्हाईत."

मला वाटलं, शिराळ्याकडचा माणूस, सणाचा नेम पाळतोय. दर नागपंचमीला तू ब्रश धरायचा नाहीस, टाकाला निब लावायचा नाहीस, तेही मी त्याच खात्यात घातलं होतं. मी तुझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणालो, तुमची भक्ती मोठी आहे बाबा. जोत्या, आज ते वाक्य आठवलं की तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

भैरूचं मरण तू असं काढलंस की छपाईचे ब्लॉक करणाऱ्याने कोल्हापूरहून निरोप पाठवला, एवढं रक्त पोरांच्या पुस्तकात चालेल का विचारून घ्या. गोळी गालातून शिरून कानामागे निघालेली. दात उडालेले. मी म्हणालो, जरा आवर. तू म्हणालास, "मानूस मरतंय, मास्तर. फूल न्हाई गळत." आणि ती चौकट तशीच गेली. पोरं रडली. मालकांच्या दारात येऊन दोघांनी दगड मारले. त्या दिवशी तू आणि मी कृष्णेच्या घाटावर बसून भेळ खाल्ली आणि मी म्हणालो, "संपली गोष्ट. आता कुणाला हात लावता यायचा नाही तिला." तू मान हलवलीस. मी ती होकाराची धरली.

दोन वर्षांनी मालकांनी आपल्याला बोलावलं. भैरूला मागणी होती, भैरू मेला होता. मालक व्यवहारी माणूस. म्हणाले, "मेला तर मेला. त्याच्या आधीचं काढा. तो भैरू झाला कसा? रक्त कुणाचं? लोक विचारतात."

मी तिथल्या तिथे नाही म्हणालो. आणि तू तिथल्या तिथे हो म्हणालास. मी तुझ्याकडे बघतच राहिलो, कारण इतक्या वर्षांत मालकांसमोर तू आपणहून एक शब्द बोलला नव्हतास.

मग ते भांडण. तीन आठवडे चाललं. माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही, आणि मेलेल्या माणसासमोर खोटं नमतं घेणार नाही. ज्याचा शेवट ठाऊक आहे त्याची सुरुवात कशाला सांगायची? वाचणाऱ्याला माहीत आहे की सहाव्या पुस्तकापर्यंत हा मरत नाही; मग त्याच्यावर उगारलेल्या कुऱ्हाडीला धार कुठली? आणि ते रक्त. फलटणच्या मुलीचं रक्त वेगळं, कऱ्हाडच्या मुलाचं वेगळं. आपण एकाचं नाव घातलं की बाकीची सगळी वाहून गेली. पुरी झालेली गोष्ट म्हणजे बांधून झालेली विहीर. तिच्या खाली आणखी खणत बसलं तर वरचं बांधकाम ढासळतं.

तू ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, "आवं मास्तर, तमाशाच्या वगात राजा मरतोय ते समद्या गावाला ठावं असतंय. तरी मानसं पाटंपातूर बसत्यात. शेवट बघाय बसत्यात व्हय? कसं झालं ते बघाय बसत्यात."

दुसऱ्या दिवशी येऊन: "त्यानं पयल्यांदा कुऱ्हाड उचलली, तवा हात कापला का न्हाई त्येचा? सहा पुस्तकं झाली, कुठं लिवलंय तुमी?"

मी म्हणालो, "वीर आहे तो. त्याचा हात कापत नाही."

"तर मग त्यो कागुदच हाय," तू म्हणालास.

आणि एकदा, संध्याकाळी, छापखान्याच्या पायरीवर, मी पुन्हा तेच ऐकवलं की गोष्ट संपली आहे, तेव्हा तू वर न बघता म्हणालास, "जो मेला त्येची संपली. ज्यानं मारलं त्येची कवा संपती, मास्तर?" मी त्याला वाक्य म्हणून दाद दिली. चांगलं आहे, म्हणालो, कुठेतरी वापरू.

मी लिहिणार नाही म्हटल्यावर तू एकट्याने काढायला घेतलंस. शब्दांशिवाय. पंधरा-वीस पानं झाल्यावर छापखान्यात आणून माझ्यासमोर ठेवलीस. मी रागातच बघायला लागलो. दोन भाऊ. थोरल्याचा चेहरा भैरूचा: तेच रुंद कपाळ, डाव्या भुवईतून गेलेला तोच वण, जो पोरं शाळेच्या भिंतीवर कोळशाने काढायची. आणि धाकटा कोणी काटकुळा पोरगा. मी म्हणालो, "हा थोरला भैरू का?" तू म्हणालास, "न्हाई. बारका भैरू हाय."

"मग भैरूचा चेहरा थोरल्याला कशाला दिलास? डोकं ठिकाणावर आहे का? वाचणाऱ्याला काय कळणार?"

तू म्हणालास, "कळंल."

माझा तोल गेला. सहा पुस्तकं मी ज्या माणसाला घडवलं त्याचं तोंडच तू दुसऱ्याला देऊन टाकलंस असं वाटलं. हातातलं पान मी फाडलं. उभं, मधोमध. त्या पानावर एक म्हातारा बांधावर पडलेला होता आणि त्याचा हात वर आलेला होता, एवढंच मी बघितलं होतं. तू माझ्या गळ्याला धरलंस. मला उचलून मागच्या, अक्षरांचे खिळे ठेवायच्या लाकडी केसवर आदळलंस. शिशाचे खिळे सगळ्या फरशीवर सांडले, अक्षर न् अक्षर. तुझी बोटं माझ्या गळ्यात रुतली होती आणि तुझे डोळे, जोत्या, त्या भिंतीवरच्या बैलाचे होते. मग तूच हात सोडलास. दोन्ही हात वर धरून त्यांच्याकडे बघत राहिलास. खाली वाकून पानाचे दोन तुकडे उचललेस आणि खिळ्यांवरून चालत निघून गेलास.

सहा महिने आपण बोललो नाही. मी तुझ्या खोलीवरून जायचो, तू आत वाकून पाट्या रंगवत असायचास. मी वाट बघत होतो की तू माफी मागशील. आवळलेला गळा माझा होता ना!

आश्विनात दवाखान्यातून शिपाई आला. म्हणाला, एक पेंटर आहे, तुमचं नाव घेतोय.

चार दिवस तू जगलास. त्या चार दिवसांत तुकड्यातुकड्याने जे सांगितलंस, ते मी आता सलग लिहितो. तुझ्या पानांखाली शब्द घातले नाहीत, ते इथे घालतो.

तुमच्या आणि चुलत्याच्या रानात एकच पाट. पाण्याची पाळी तुमची असताना चुलत्याने पाट वळवला. तुझी आई जाब विचारायला गेली, तर त्याने खोऱ्याच्या दांड्याने तिचा हात मोडला. कोपरापासून खाली लोंबणारा हात घेऊन ती घरी आली आणि चुलीपाशी बसली. हे पंचमीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सगळा गाव शिराळ्याला नाग बघायला गेलेला. चुलता तेवढा पाटावर होता. तू सतरा वर्षांचा. थोरला भाऊ, हिंदुराव, कुऱ्हाड घेऊन निघाला आणि तू त्याच्या मागे गेलास. त्याने सांगितलं होतं, येऊ नगंस.

हिंदुरावाने घाव घातला तो मानेत बसला. चुलता बांधावर पडला. हिंदुराव मटकन खाली बसला आणि थरथरायला लागला. आणि चुलत्याने हात वर केला आणि तुझं नाव घेतलं. "जोत्या, पानी दे." पाट हातभर लांब वाहत होता. तू पाण्याकडे बघितलंस, चुलत्याकडे बघितलंस. मग भावाच्या हातातून कुऱ्हाड घेतलीस आणि दोनदा मारलीस.

"एकदा न्हाई, मास्तर. दोनदा. दुसऱ्यांदा कशापायी मारलं ते मला आजून कळलं न्हाई."

हिंदुरावाने तुझ्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. म्हणाला, "तू मामाकडं गेल्तास. आज हितं नव्हतास." आणि शिराळ्याच्या सणाच्या गर्दीतून तीच कुऱ्हाड घेऊन तो पोलीस ठाण्यात जाऊन उभा राहिला. त्याला जन्मठेप झाली. तुला मामाने सांगलीला आणलं. आई दोन वर्षांत गेली. तू पहिली तीन वर्षं तुरुंगात भेटायला जात होतास. मग जाणं सोडलंस. भावाने जाळीपलीकडून 'जेवलास का?' विचारलं की तुला श्वास घेता येईना, म्हणालास.

आता तो सुटणार होता. दिवाळीच्या आधी. आणि चुलत्याच्या मुलाने गावात देवळासमोर शपथ घेतली होती की हिंदुराव वेशीत पाऊल टाकेल तिथे त्याला आडवा करीन. बाप मेला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. हे तुला कळलं, आणि तू पिशवीत पानं घातलीस आणि गावाला गेलास. चौदा वर्षांनी.

भर दुपारी त्याच्या अंगणात जाऊन बसलास. पानं ओळीने मातीवर मांडलीस, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर खडा ठेवलास. मी फाडलेलं पानसुद्धा, मागून कागद लावून जोडलेलं. चुलत्याचा मुलगा पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत चालत गेला. तुझी चुलती दारातून उठून आली आणि तीही बघत गेली. तिला अक्षर येत नाही. पण पानांवर अक्षर नव्हतंच. जोत्या, मी शब्द दिले नाहीत म्हणून ती गोष्ट तिला वाचता आली.

मुलाने काटकुळ्या पोरावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो तू?"

"व्हय. हिंदूदादाला हात लावू नगंस. तुजा बा माज्या हातनं मेला."

मग दांडकं. पहिला फटका कानावर, दुसरा डोक्यात, मग तू मोजले नाहीस. तू हात वर केला नाहीस. चुलतीच ओरडली, "बास कर! बास कर रं मुडद्या!" आणि मधे पडली, आणि एक फटका तिच्या खांद्यावरही बसला, तेव्हा तो थांबला. तिने तुझं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्याने तुझ्या तोंडात पाणी घातलं. तुला दवाखान्यात आणणारी जीपही तिनेच शोधली. पिशवी बरोबर दिली.

हे सांगून झाल्यावर तू म्हणालास, "फौजदाराला म्या सांगटलंय, बैलानं मारलं. तुमी बी त्येच सांगा. शपत हाय."

फौजदार मला म्हणाला, "मास्तर, शिकलेले आहात. हा बैलाचा मार आहे का?" मी म्हणालो, "तो सांगतो तर असेल." आयुष्यात मी एवढं खोटं कधी बोललो नव्हतो, सहा पुस्तकं धरूनसुद्धा.

चौथ्या दिवशी सकाळी तुला फिट आली आणि तू परत आला नाहीस. कृष्णेच्या काठी अग्नी मी दिला. मालक आले होते, तुझ्या हाताखाली ब्रश धरायला शिकलेले दोघे आले होते. एवढेच.

मी त्या रात्री पानं उघडली नाहीत. दुसऱ्या दिवशी उघडली. काही पानांवर तुझं रक्त वाळून तपकिरी झालं होतं, आणि बाकीच्या पानांवर तू काढलेलं शाईचं रक्त होतं, आणि दोन्हींत मला वेगळं काय ते सांगता येईना. एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. ती पानं बघून मी पुन्हा पहिलं पुस्तक काढलं, सहाही वाचली. भैरू एकदाही कुणाला दोनदा मारत नाही. तू सगळीकडे एकच घाव काढलायस. मी कथेत 'सपासप' लिहिलं होतं तिथेसुद्धा. मला ते कधी दिसलं नव्हतं.

मी लिहायला हो म्हटलं असतं तर? आपण दोघं रोज पायरीवर बसलो असतो, मी प्रश्न विचारले असते, थोरला कोण, म्हातारा कोण. कधीतरी तू सांगितलं असतंस. पुस्तक निघालं असतं, भैरूच्या नावाने, आणि तुझं ओझं बत्तीस पानांत उतरलं असतं. कदाचित. की छापूनही तू ते घेऊन गावाला गेलाच असतास? याचं उत्तर तुझ्याकडे होतं.

तू गेल्यावर सहाव्या दिवशी दुपारी दार वाजलं. उघडलं तर दारात भैरू उभा. जोत्या, मी खरोखर एक पाऊल मागे सरलो. रुंद कपाळ, डाव्या भुवईतला वण, फक्त केस पांढरे झालेले. बगलेत कापडाचं गाठोडं. मग मला कळलं की तू अकरा वर्षं भावाला भेटायला गेला नाहीस, पण रोज त्याचं तोंड काढत होतास. मी ज्याला माझा भैरू म्हणत होतो तो हा माणूस होता. आणि छापखान्यात तू मला तेच सांगत होतास, आणि मी पान फाडलं.

"जोतीच्या खोलीला कुलूप हाय," तो म्हणाला. "शेजारी म्हनले, मास्तरास्नी इचारा. कुठं गेलाय त्यो?"

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगावं लागलं. तो उंबऱ्यावरच बसला. आमच्या घरातून पाणी आणून दिलं, ते त्याने बाजूला ठेवलं. कसा मेला, विचारलं. मी बैलाचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. आत जाऊन पानं आणली, आणि चुलत्याच्या अंगणात काय झालं ते सगळं सांगितलं.

त्याने एकेक पान मांडीवर घेऊन बघितलं. शेवटी तो जोडलेल्या पानाशी आला, वर आलेल्या हाताशी. मग मान हलवली.

"ह्ये असं न्हाई झालं, मास्तर."

"म्हणजे?"

"माज्या घावातच त्यो गेलाता. जोत्यानं मारलं तवा तितं मानूस नव्हतं, मढं हुतं."

"पण चुलत्याने पाणी मागितलं. जोत्याचं नाव घेतलं. त्याने मला स्वतः सांगितलं."

"कशानं मागंल? नरडं कुठं ऱ्हायलंतं त्येला? पोरगं भ्यालंतं. त्येला ऐकू आलं आसंल."

मी म्हणालो, "दादा, हे खरं सांगताय तुम्ही? की आता तो गेला म्हणून?"

हिंदुरावाने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. "कोर्टात म्या सांगटलं, म्या येकट्यानं मारलं. चौदा वर्सं त्येच सांगत आलोय. आता बदलू व्हय?"

जोत्या, हे तुला सांगू की नको याचा मी विचार केला. हे खरं असेल तर तू फुकट मेलास. एका मढ्याचा खून अंगावर घेऊन चौदा वर्षं नागपंचमीला ओकत राहिलास. आणि खोटं असेल, तर तुझा भाऊ तुला अजून 'येऊ नगंस'च म्हणतोय. मला ठरवता येत नाही. तू पुरी करून मागे ठेवलेली ती बत्तीस पानंसुद्धा पुरी गोष्ट सांगत नाहीत. बघ, हे माझ्या बाजूने झालं की तुझ्या?

मालकांनी पानं मागितली आहेत. मी हिंदुरावाला विचारलं. तो म्हणाला, "न्हाई. ज्येंनी बघाय पायजे हुतं त्येंनी बघितलं." पानं त्याने गाठोड्यात बांधली. भैरू सहा पुस्तकांचाच राहील. तू मला आडवं बोलशील, बोल.

दहावा गावालाच करायचा असं त्याने ठरवलं. मी म्हणालो, दादा, तिथे चुलत्याच्या मुलाने शपथ घेतलीय. तो म्हणाला, "ठावं हाय. भावाचा दहावा दुसऱ्याच्या गावाला करू व्हय?" मी बरोबर गेलो. वेशीत शिरताना मी मागेपुढे बघत होतो, तो मात्र शेतावर निघाल्यासारखा चालत होता. कुणी आडवं आलं नाही. दारं लागलेली होती.

नदीवर भावकीतले सहा-सात जण आले. न्हावी दगडावर बसून एकेकाचं डोकं करत होता. हिंदुराव पहिला बसला. त्याची निम्मी हजामत झाली असेल, तेव्हा वरच्या काठावर एक तरणा माणूस येऊन उभा राहिला. मागे, थोड्या अंतरावर, खांद्याला फडकं बांधलेली म्हातारी. कोण ते मला सांगावं लागलं नाही. त्याच्या हातात कुऱ्हाड होती. न्हाव्याचा वस्तरा हिंदुरावाच्या मानेपाशी थांबला.

हिंदुरावाने मान वळवली नाही. वाकलेलाच राहून म्हणाला, "चालू ठेव रं."

वस्तरा पुन्हा चालायला लागला. तो तरणा माणूस एक पायरी खाली आला, मग दुसरी. म्हातारी जागची हलली नाही. तो अगदी मागे येऊन उभा राहिला, एवढा जवळ की त्याची सावली हिंदुरावाच्या उघड्या टाळूवर पडली.

हिंदुरावाचं डोकं झालं. त्याने ओंजळीने टाळूवर पाणी घेतलं, उठला आणि मागे वळला. दोघं समोरासमोर. मग दगडाकडे हात करून तो म्हणाला, "बस. सुतक तुलाबी हाय. भाऊ हुता तुजा."

तो पोरगा उभाच होता, जोत्या. मग त्याने कुऱ्हाड वाळूत ठेवली, डोक्यावरची टोपी काढून तिच्यावर ठेवली, आणि त्या दगडावर बसून मान खाली घातली.